रेबीजच्या अँटिबॉडी मोजणारी तोतया विषाणूंची चाचणी: कुठे वापरावी, कुठे नाही

कुत्र्या-मांजरांना टोचलेली रेबीजची लस लागू पडली का, हे रक्तावरून ठरवण्याच्या ज्या पद्धती आज हाताशी आहेत, त्यांत स्यूडोव्हायरस (म्हणजे तोतया विषाणू) न्यूट्रलायझेशन चाचणीला, अँटिबॉडी विषाणूला किती अडवतात ते पाहणाऱ्या चाचणीला, आम्ही वरचं स्थान देतो. लसीकरण मोहिमेनंतरचं सर्वेक्षण, नव्या लसीचा अभ्यास आणि वटवाघळांच्या रक्ताची तपासणी या कामांसाठी तिला पाचापैकी साडेचार गुण. कुत्रा परदेशी न्यायचा आहे आणि त्यासाठी दाखला हवा आहे, तर शून्य. चाचणी तीच असूनही गुणांत एवढी तफावत का पडते, ते नीट समजून घेतलं तर पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

रेबीजच्या विषाणूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर एकच प्रथिन असतं: ग्लायकोप्रोटीन, प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसतं ‘जी’ म्हणतात. विषाणू पेशीला चिकटून आत शिरतो तो या जीच्या जोरावर, आणि त्याला निकामी करणाऱ्या अँटिबॉडीही जीलाच धरतात. म्हणजे या अँटिबॉडी मोजायला खऱ्या विषाणूतला एवढाच भाग पुरतो. स्यूडोव्हायरसमध्ये तेवढाच घेतलेला असतो. आतला गाभा दुसऱ्याच विषाणूचा, बहुतेक वेळा एचआयव्हीचा किंवा व्हीएसव्ही या गुरांच्या विषाणूचा, आणि तोही पुढची पिढी काढू शकणार नाही असा छाटलेला. गाभ्यात एक दर्शक जीन ठेवतात: प्रकाश देणारा ल्युसिफरेज, हिरवा चमकणारा जीएफपी किंवा निळा रंग देणारा लॅकझेड. कण पेशीत एकदा शिरतो, पेशी चमकते आणि संसर्ग तिथेच थांबतो, कारण जी बनवण्याचा जीन कणाच्या आत नसतोच. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यात) अँटिबॉडी असल्या की कण अडतात आणि चमक घटते. ही घट हेच मोजमाप.

तुलना करायची ती एफएव्हीएन आणि आरएफएफआयटी या दोन मान्यताप्राप्त चाचण्यांशी. आरएफएफआयटी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेतून १९७३ मध्ये आली, एफएव्हीएन फ्रान्समधल्या नॅन्सीच्या प्रयोगशाळेतून १९९८ मध्ये. दोन्हींत सीव्हीएस-११ हा जिवंत रेबीज विषाणू वापरतात. त्यामुळे काम करणाऱ्या प्रत्येकाला आधीच रेबीजची लस घ्यावी लागते, त्याचा स्वतःचा टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी) ठरावीक मुदतीनं तपासावा लागतो, आणि जैवसुरक्षेची जी व्यवस्था लागते ती जिल्ह्याच्या पातळीवरच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत सहसा नसते. एफएव्हीएनमध्ये तिप्पट-तिप्पट पातळ केलेल्या सीरमच्या प्रत्येक पातळीला प्लेटमधले चार वेल, म्हणजे खळगे, असतात. पहिल्या चार वेलमध्ये प्रत्येकी ५० मायक्रोलिटर, म्हणजे एका नमुन्याला २०० मायक्रोलिटर सीरम जातं. विषाणूसोबत ३७ अंशांवर एक तास, मग बीएचके-२१ या हॅमस्टरच्या पेशी, मग ४८ तास. त्यानंतर ८० टक्के ॲसिटोनमध्ये पेशी स्थिर करायच्या, चमकणारी अँटिबॉडी लावायची आणि फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली एकेक वेल पाहून संसर्ग आहे की नाही ते ठरवायचं. हे शेवटचं काम माणसाच्या डोळ्यावर अवलंबून असतं. थकलेल्या डोळ्याला सीमेवरचा वेल आहे-नाहीच्या मध्ये दिसतो, आणि नेमके तेच नमुने वादाचे ठरतात. ल्युसिफरेजच्या स्यूडोव्हायरसमध्ये यंत्र आकडा देतं. ही सोय लहान वाटेल, पण शेकडो नमुन्यांच्या सर्वेक्षणात तिचा फरक मोठा पडतो.

निकाल विश्वासाचे आहेत का? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात एफएव्हीएनवर आधी तपासलेले १५ पॉझिटिव्ह आणि ४५ निगेटिव्ह नमुने ओळख लपवून दिले होते. सीव्हीएस-११ चा जी असलेल्या लेंटिव्हायरस (एचआयव्हीच्या कुळातल्या) गाभ्याच्या कणांनी सगळे बरोबर ओळखले. २००९ मध्ये त्याच गटानं आफ्रिकेतल्या क्षेत्रीय कामासाठी लॅकझेडची आवृत्ती आणली. तिच्यात निळ्या पेशी साध्या मायक्रोस्कोपखाली मोजता येतात, प्रकाश मोजणारा ल्युमिनोमीटर लागत नाही. ६० नमुने म्हणजे काही अंतिम शब्द नव्हे. पण त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये व्हीएसव्हीच्या गाभ्यावर आणि चीनमध्ये जास्त टायटरच्या, म्हणजे दाट साठ्याच्या, कणांवर स्वतंत्रपणे काम झालं, म्हणून पद्धतीचा पाया पक्का मानायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष काम. कण बनवायला माणसाच्या एचईके-२९३टी पेशींच्या १० सेंमी डिशमध्ये तीन प्लाझ्मिड (जीन वाहणारे डीएनएचे गोल तुकडे) सोडतात: एचआयव्हीचा गाभा बनवणारा गॅग-पोल १ मायक्रोग्रॅम, ल्युसिफरेजचा दर्शक १.५ मायक्रोग्रॅम आणि रेबीज जी १ मायक्रोग्रॅम. दुसऱ्या दिवशी माध्यम बदलायचं, ४८ आणि ७२ तासांनी वरचं पाणी काढून घ्यायचं, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि छोट्या-छोट्या भागांत उणे ८० अंशांवर ठेवायचं. ०.२२ चा फिल्टर वापरू नये, कण वाया जातात. जीचा प्लाझ्मिड ‘जास्त घातला तर जास्त कण’ या समजुतीनं वाढवू नये. तिन्हींचं प्रमाण बिघडलं की कणांचा टायटर वाढण्याऐवजी घसरतो. एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवू नये. तिच्या टायटरचा भरवसा राहत नाही, आणि तो किती पडला हे पुन्हा मोजल्याशिवाय कळत नाही.

नमुना साध्या नळीत किंवा जेलच्या नळीत घ्यावा. इथे सर्वांत जास्त नमुने फुकट जातात, म्हणून थोडं थांबून सांगतो. हेपरिनच्या हिरव्या झाकणाच्या नळीतलं रक्त या चाचणीला देऊ नये. हेपरिन कणांना पेशीला चिकटू देत नाही, चमक घटते, आणि लस न टोचलेला कुत्रा कागदावर संरक्षित दिसतो. ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत कॅल्शियम बांधलं जातं, पेशी तळापासून सुटतात आणि त्यानंही चमक घटते. दोन्ही चुका एकाच दिशेनं फसवतात, खोट्या पॉझिटिव्हकडे, आणि रेबीजच्या कामात तीच दिशा धोक्याची. रक्त गोठू द्यावं, सीरम वेगळं करून थंड पेटीत पाठवावं. गुठळीवर दोन दिवस उन्हात राहिलेलं लालभडक सीरम कोणतीच चाचणी वाचवू शकत नाही.

प्रयोगशाळेत सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. यानं कॉम्प्लिमेंट (रक्तातली विषाणू मारणारी प्रथिनं) निष्क्रिय होतं, नाहीतर अँटिबॉडी नसतानाही कण मारले जातात. मग अपारदर्शक पांढरी ९६ वेलची प्लेट घ्यायची. सर्वांत वरच्या ओळीत ९५ मायक्रोलिटर माध्यमात ५ मायक्रोलिटर सीरम, खालच्या ओळींत ५० मायक्रोलिटर माध्यम. वरून खाली ५० मायक्रोलिटर उचलत दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं, शेवटच्या ओळीतले ५० टाकून द्यायचे. प्रत्येक वेलमध्ये ५० मायक्रोलिटर स्यूडोव्हायरस. म्हणजे पहिली पातळी १:४० ची झाली. ३७ अंशांवर एक तास, मग प्रत्येक वेलमध्ये ५० मायक्रोलिटरमधून दहा हजार बीएचके-२१ पेशी, मग कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये ४८ तास. माध्यम काढून ल्युसिफरेजचं अभिकर्मक (चमक उमटवणारं द्रावण) घालायचं आणि मोजायचं. दोन प्रती धरून एका नमुन्याला एकूण १० मायक्रोलिटर सीरम लागतं. एफएव्हीएनचे २०० आठवा. जाळीत पकडलेल्या भटक्या कुत्र्याच्या पायातून मिळालेलं अर्धा मिली रक्त, किंवा मूठभर वजनाच्या वटवाघळाचे दोन-चार थेंब, यांचा अभ्यास शक्य होतो तो या फरकामुळे.

अभिकर्मक निवडताना प्लेट किती आहेत ते पाहावं. ब्राइट-ग्लोचा प्रकाश तेजस्वी, पण सुमारे अर्ध्या तासात निम्म्यावर येतो. एकदोन प्लेट असतील तर उत्तम. एका बैठकीत दहा प्लेट वाचायच्या असतील तर स्टेडी-ग्लो घ्यावं. त्याचा प्रकाश मंद असला तरी काही तास टिकतो, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या प्लेटची तुलनाच करता येत नाही.

एका प्लेटवर किती नमुने बसतात हा या चाचणीचा कच्चा दुवा आहे, आणि तिची तारीफ करणारे तो सहसा सांगत नाहीत. बारा उभ्या रांगांपैकी एक विषाणू-नियंत्रण आणि पेशी-नियंत्रणाला जाते, दोन संदर्भ सीरमला, एक लस न दिलेल्या कुत्र्याच्या सीरमला. उरल्या आठ, म्हणजे दोन प्रतींत फक्त चार नमुने. सर्वेक्षणासाठी आठऐवजी चारच पातळ्या ठेवल्या तर आठ नमुने बसतात. मात्र ज्यांचं उत्तर रांगेच्या टोकाला येईल ते पुन्हा पूर्ण पातळ्यांवर करावेत. कडेच्या वेलमधून पाणी उडतं, म्हणून इनक्युबेटरमध्ये ओलावा हवा आणि प्लेट एकावर एक रचू नयेत.

आकडा काढायची रीत अशी. विषाणू-नियंत्रणाची चमक म्हणजे शून्य टक्के अडवणूक, नुसत्या पेशींची चमक म्हणजे शंभर टक्के. ज्या पातळीला चमक निम्मी होते तो त्या सीरमचा टायटर. हा आकडा तसाच अहवालात लिहू नये. त्याच प्लेटवर ठेवलेल्या ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटरच्या संदर्भ सीरमशी भागून एककात आणावा. संदर्भाचा टायटर १:८० आला आणि नमुन्याचा १:६४०, तर ०.५ × ६४० ÷ ८० म्हणजे ४ एकक. दुसऱ्या दिवशी संदर्भ १:१६० आला तर तोच १:६४० फक्त २ एकक होतो. म्हणून संदर्भ सीरमशिवाय दिलेला नुसता टायटर आम्ही निकाल मानत नाही. ल्युमिनोमीटरच्या प्रकाश-एककांचंही तसंच: एका यंत्राचे दहा लाख आणि दुसऱ्याचे दहा लाख एक नव्हेत. पाहायचं ते विषाणू-नियंत्रण आणि पेशी-नियंत्रण यांच्यातलं गुणोत्तर. ते हजारपटीच्या आसपास असेल तर प्लेट छान, शंभरपटीखाली घसरलं तर प्लेट रद्द करावी.

आणखी कुठे घसरतं? कण जास्त घातले की थोड्या अँटिबॉडी त्यांना पुऱ्या पडत नाहीत आणि खरा टायटर कमी दिसतो. एफएव्हीएनमध्ये विषाणूची मात्रा ठरावीक मर्यादेत नसेल तर प्लेट बाद करतात. इथेही प्रत्येक नव्या बॅचची मात्रा आधी मोजून ठरवलेलीच हवी. बीएचके पेशी जुन्या झाल्या किंवा त्यांना मायकोप्लाझ्मा या जीवाणूंची लागण झाली तर चमक आठवड्यागणिक उतरत जाते आणि दोष उगाच कणांवर जातो. व्हीएसव्ही गाभ्याच्या कणांत वेगळी भानगड असते: ते बनवताना व्हीएसव्हीचाच जी असलेलं बीज वापरतात, त्यातले काही कण तसेच मागे राहतात. रेबीजच्या अँटिबॉडी त्यांना अडवत नाहीत, म्हणून जोरदार पॉझिटिव्ह सीरमलाही तळाशी चमक उरते. व्हीएसव्ही-जीविरोधी अँटिबॉडी घालून ते कण आधी निकामी करावेत. एचआयव्ही गाभ्याला औषधांची अडचण आहे. एफआयव्ही (मांजरांतला एचआयव्हीसारखा विषाणू) झालेल्या मांजराला झिडोव्ह्यूडीन हे एचआयव्हीविरोधी औषध चालू असेल तर रक्तातलं ते औषध कणाच्या आतल्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला (गाभ्यातला जीन डीएनएत उतरवणाऱ्या एन्झाइमला) थांबवतं आणि मांजर अँटिबॉडीशिवाय पॉझिटिव्ह दिसतं. असल्या नमुन्यांसाठी, आणि एकूणच संशयास्पद पॉझिटिव्हसाठी, रेबीजशी संबंध नसलेला जी लावलेले कण त्याच सीरमसोबत चालवून पाहावेत. सीरमनं त्यांनाही अडवलं, तर ती अडवणूक रेबीजच्या अँटिबॉडीची नाही.

‘सुरक्षित’ हा शब्दही मोजून वापरावा. कणांपासून रेबीज होऊ शकत नाही. पण रेबीजचा जी कणाला चेतापेशींकडे नेतो आणि लेंटिव्हायरसचा गाभा आपला जीन पेशीच्या डीएनएत बसवतो. म्हणून सुया आणि काचेच्या पिपेट नकोत, काम दुसऱ्या स्तराच्या कॅबिनेटमध्येच करावं. भारतात हे जनुकीय बदल केलेलं साहित्य ठरतं, त्यामुळे १९८९ च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्यावी लागते. प्लाझ्मिड मागवून ठेवायचे आणि मग अर्ज करायचा, असा उलटा क्रम अनेकांना महिनोन्‌महिने अडकवतो.

एलायझा किटची बाजूही सांगायला हवी. तिच्यात ना जिवंत विषाणू, ना पेशी. काही तासांत निकाल. जंगली प्राण्यांचं खराब झालेलं सीरम, जे पेशी मारून टाकतं, त्याला एलायझाच बरी. पण ती अँटिबॉडी चिकटते का एवढंच पाहते, विषाणू अडतो का ते पाहत नाही. सीमेवरच्या, म्हणजे पुरेशा अँटिबॉडीची रेषा धरलेल्या ०.५ एककाच्या जवळच्या नमुन्यांत हे दोन प्रश्न वेगळी उत्तरं देतात. पैसा आणि माणसं कमी असतील तर सगळे नमुने एलायझावर आणि सीमेवरचे स्यूडोव्हायरसवर, ही विभागणी आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटते.

गोव्यासारख्या ठिकाणी तिचा उपयोग स्पष्ट दिसतो. तिथे २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार घरोघरी आणि रस्त्यावर कुत्र्यांना लस टोचतात, टोचलेल्यांना रंगानं खूण करतात आणि मग किती कुत्र्यांवर खूण आहे ते मोजतात. २०२१ मध्ये गोव्याला रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं गेलं. खुणेवरून लस किती कुत्र्यांपर्यंत पोचली ते कळतं. ती थंड साखळीतून नीट आली का, सहा महिन्यांनी अँटिबॉडी उरल्या का, हे रक्तच सांगतं. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी ७० टक्के कुत्र्यांचं लसीकरण धरलेलं आहे. महाराष्ट्रातल्या महापालिकांनी थोडे नमुने काढून ही तपासणी मोहिमेच्या खर्चातच धरावी, असं आमचं ठाम मत आहे.

वटवाघळांच्या बाबतीत तर पर्यायच कमी आहेत. श्रीलंकेत भारतीय फळवटवाघळात गन्नोरुवा नावाचा लिसाव्हायरस (रेबीजच्या कुळातला विषाणू) सापडला आहे, नागालँडमधल्या वटवाघळांच्या रक्तात लिसाव्हायरसविरोधी अँटिबॉडीचा पुरावा मिळाला आहे. अशा प्रत्येक विषाणूचा जिवंत साठा ठेवणं धोक्याचं आणि बहुतेकांना अशक्य. त्यांचा जी मात्र जनुक-क्रमावरून प्लाझ्मिडमध्ये बनवून घेता येतो. मोकोला किंवा लागोस वटवाघूळ विषाणूसारख्या दूरच्या नातेवाइकांवर आजची लस चालत नाही, हे वेगवेगळे जी एकाच गाभ्यावर बसवून शेजारीशेजारी पाहता येतं. या कामात हिला तोड नाही.

प्रवासाला शून्य का, तर युरोपीय संघ असो वा जपान, दाखला लागतो तो त्यांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेतल्या विषाणू-न्यूट्रलायझेशन चाचणीचा, म्हणजे एफएव्हीएन किंवा आरएफएफआयटीचा, ०.५ एकक किंवा अधिक. स्यूडोव्हायरसचा अहवाल कितीही अचूक असला तरी विमानतळावर चालणार नाही. भारतातून युरोपात नेताना आधी ओळखीची मायक्रोचिप, मग लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. जपानसाठी लसीचे दोन डोस, आणि रक्त घेतल्यापासून १८० दिवस. रक्त काढतानाच चिप वाचून नंबर फॉर्मवर लिहून घ्यावा. तो जुळला नाही तर उत्तम टायटरही वाया जातो.

एक वापर मात्र कोणीही करू नये. चावा घेणाऱ्या कुत्र्याला रेबीज आहे का, हे यातून कळत नाही. ना स्यूडोव्हायरसमधून, ना एफएव्हीएनमधून. आजारी जनावराच्या रक्तात अँटिबॉडी बहुतेक वेळा येतच नाहीत, आल्या तर फार उशिरा. चावा झाला की जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि कुत्रा हाताशी असेल तर त्याला १० दिवस नजरेखाली ठेवायचं. अहवालाची वाट पाहत लस लांबवायची नाही.

उलट बाजूनं, ०.५ च्या खाली आकडा आला म्हणजे कुत्रा उघडा पडला असंही नाही. लसीनंतर चार ते सहा आठवड्यांनी टायटर शिखरावर असतो आणि मग उतरतो. पहिलाच डोस घेतलेल्या लहान पिल्लांत तो काही महिन्यांत रेषेखाली जाणं नेहमीचं आहे. म्हणून रक्त कधी घेतलं, ही तारीख आकड्याइतकीच महत्त्वाची.

नमुने पाठवण्याआधी प्रयोगशाळेला एवढं विचारा: कणांवर जी कोणत्या विषाणूचा आणि गाभा कोणाचा, प्रत्येक प्लेटवर संदर्भ सीरम असतं का, आणि त्यांनी आपले निकाल एफएव्हीएनशी किंवा आरएफएफआयटीशी कुत्र्यांच्याच सीरमवर ताडून पाहिले आहेत का. माणसांच्या सीरमवर केलेली पडताळणी कुत्र्यांसाठी पुरेशी नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर नमुने दुसरीकडे पाठवा.